पेटीतली पोथी

पुस्तक वाचून संपलं की कोकिळेच्या पोटात दुखायला लागायचं. खरं दुखणं नव्हे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, ते. खामगावला माहेरी यावर औषध होतं. वडील मास्तर, धाकटी बहीण वाचनवेडी. दोघी एकच कादंबरी वाचायच्या आणि नायिकेचं चुकलं की नाही यावरून तव्यावरची भाकरी करपेपर्यंत भांडायच्या. लग्न होऊन ती धामणगाव बढ्याला आली आणि भांडायला माणूसच उरलं नाही. नवरा पंजाबराव बुलढाण्याच्या कचेरीत कारकून. नागपूरहून आलेल्या हुकमांच्या नकला करायचा आणि रविवारी घरी यायचा. एकदा तिनं त्याला मोठ्या हौसेनं एक गोष्ट सांगितली. "संपली ना? मग ठेव पेटीत," म्हणून त्यानं कूस बदलली. आठवडाभर कागद उपसून त्याला अक्षराचा वीट आला होता, बिचाऱ्याचा तरी काय दोष!

श्रावण लागला. सासू झुंबरबाई दर श्रावणात दुपारी आळीतल्या बायका जमवून पोथी ऐकायची. यंदा सून शिकलेली, म्हणून वाचायचा मान तिचा. बायका जमल्या, फडकं सोडलं, तर पोथीची वाळवीनं माती केलेली. झुंबरबाईनं कपाळाला हात लावला आणि तरातरा जाऊन सुनेची पेटी उघडली. वरच एक नवीकोरी कादंबरी होती.

"पाहा वं बाई! पोथी पेटीत घालून बसली अन् सांगत नाई," असं म्हणत तिनं पुस्तक पाटावर मांडून त्याला हळद-कुंकू वाहिलंसुद्धा.

"आत्याबाई, ते..."

"वाच आता. बाया खोळंबल्या."

कोकिळेनं समोर पाहिलं. ओसरीभर बायका हात जोडून बसल्या होत्या. आंधळा मागतो एक डोळा, अन् देव देतो दोन! तिनं पहिलं पान उघडलं आणि ती वाचू लागली.

गोष्ट होती वेणूची. नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि वेणूचे दिवस फिरले. बायकांनी पदर भिजवले, हुंदके दिले. पण वाचन थांबवून कोकिळेनं विचारलं, "तुम्हाले काय वाटते? वेणूनं गप बसाव का?" की सगळ्या एकमेकींकडे बघायच्या.

"पोथीतल्या बाईचं बरं-वाईट सांगनारी मी कोन, माय?" अन्नपूर्णाबाई म्हणायची आणि पुस्तकाला डोकं टेकवायची. तिच्यामागून सगळ्या टेकवायच्या नि घरी जायच्या. रोज हेच. कान मिळाले होते, पण तोंड एकीलाही नव्हतं.

दाराच्या चौकटीला टेकून शालूबाई बसायची. भावाच्या घरी राहणारी विधवा, सहसा न बोलणारी. वेणू कोठीच्या किल्ल्या सवतीच्या हातात देऊन घराबाहेर पडते, ते कोकिळेनं वाचलं आणि शालूबाई एकदम उसळली.

"किल्ल्या काऊन देल्ल्या तिले? विहिरीत टाकाच्या!"

कोकिळेचा चेहरा असा उजळला! "अन् दागिने?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"ते बी घिऊन जाचे. तिच्या बापानं घातले होते ना?"

घटकाभर कोकिळा खामगावला जाऊन आली. तेवढ्यात झुंबरबाई गरजली, "शाले! पोथीले नावं ठेवतं?" मग काय विचारता! पोथीला हसली म्हणून कुणाची म्हैस मेली, कुणाचं पोर आजारी पडलं, सगळं निघालं. शालूबाईनं नारळ फोडावा आणि पोथीपुढं नाक घासावं, असं ठरलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

ही पोथी नाही, एवढं एकच वाक्य कोकिळेला बोलायचं होतं. पण ते बोललं की पुस्तक चुलीत गेलं असतं आणि उद्याची दुपारही. तिनं मान खाली घातली. शालूबाईनं तिच्या गुडघ्याशी येऊन नाक घासलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोकिळेनं तिला गाठलं. "शालूबाई, ते पोथी नाई. कोन्या मानसानं लिवलेली गोष्ट हाय. तुमचं बोलनं मले लय आवडलं. माह्यासंगं बोला ना!"

शालूबाईनं घागर खाली ठेवून दोन्ही कानांना हात लावले. "असं बोलू नका, वैनी. कुंकू लागलं हाय त्याले. मी आता काईच म्हनत नाई."

ती गेली. कोकिळेला वाटलं, पुस्तक पेटीत होतं तेव्हा आपण एवढ्या एकट्या नव्हतो.

समाप्तीच्या दिवशी पुरणाचा नैवेद्य झाला. शेवटचं पान वाचून कोकिळा थांबली.

"अन् फळ?" झुंबरबाईनं विचारलं. "ऐकल्याचं फळ काय, ते नाई वाचलं?"

कादंबरीला कुठली फलश्रुती! शेवटी फक्त छापखान्याचा पत्ता होता. त्यावर बोट ठेवून कोकिळेनं सावकाश वाचलं, "जी बाई ही कथा मन लावून ऐकेल, तिला मनातलं बोलायला माणूस मिळेल."

बायकांनी हात जोडले. चौकटीपाशी शालूबाईनंही जोडले, वर न बघता. झुंबरबाई फूल वाहता वाहता थबकली.

"हे ऐकनारीचं झालं. अन् वाचनारीले काय फळ हाय, सूनबाई?"

कोकिळेनं तो पत्ता पुन्हा एकदा नीट पाहिला.

"वाचनारीचं काई लिवलं नाई, आत्याबाई," ती म्हणाली.