ओवशाच्या गोळ्या

गोळी मी दिली. आधी ते सांगून टाकते, बाकीचं नंतर.

विनिता माझी धाकटी जाऊ. लग्नाला चार वर्षं झाली तरी दिवस राहीनात. पनवेलच्या डॉक्टर पद्मजा मॅडमनी तिचे दोन गर्भ बाहेर तयार करून गोठवून ठेवले होते. मी मासळी बाजारात बसते, बर्फाचं मला कळतं. मी म्हटलं, "बर्फात पापलेट टिकतं, मग पोर का नाय टिकायचं?" विनिता पोट धरून हसली होती.

अडलं होतं गर्भाशयाच्या अस्तरावर. ते सात मिलिमीटर तरी हवं, हिचं पाचाच्या वर सरकेना. मग मॅडमनी लाल दिव्यांचा उपाय काढला. ओटीपोटावर बारक्या लाल दिव्यांचा पट्टा ठेवायचा आणि वीस मिनिटं पडून राहायचं, एक दिवसाआड. "याचा पक्का पुरावा अजून नाहीये," मॅडम तोंडावर बोलल्या. "गोळ्यांच्या जोडीला करून बघू." तिचा नवरा कल्पेश जासईला कंटेनर यार्डात, त्याला सुट्टी नाही. म्हणून माझी मासळीची पाटी बाजारात शेजारी बसणाऱ्या भामाच्या हवाली करून मी सोबत जायची.

"ताई, शेगडीवर ठेवल्यासारखं वाटतंय," पट्टा पेटला की विनिता म्हणायची.

"चांगलं हाय. शिजू दे."

गौरींच्या तोंडावर, शुक्रवारी, सोनोग्राफीत आकडा आला सात पॉइंट दोन. मॅडमसुद्धा हसल्या. सोमवारी पुढची औषधं, त्यानंतर पाच दिवसांनी गर्भ आत.

शनिवारी सकाळी विनिताने मला न्हाणीत बोलावलं. कपड्यावर रक्ताचे दोन ठिपके.

आणि रविवारी तिचा ओवसा. नव्या सुनेने भरलेलं सूप गौरीपुढे ओवाळायचं, तो ओवसा. पण पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच होतो, आणि चार वर्षांत न जुळलेलं ते यंदा जुळलं होतं. आमची सासू गंगाबाई उठताबसता ऐकवायची, "ओवसा नाय, म्हनून कूस उघडत नाय." सुपं येऊन पडली होती. आमच्यात गौरीला खेकड्यांचा नैवेद्य, त्या चिंबोऱ्या टोपलीत खडखडत होत्या. कोन गावाहून पाहुणे निघाले होते.

"मॅडमना फोन करू?" विनिता म्हणाली.

"दोन ठिपक्यांसाठी? पाळी पुढं ढकलायची गोळी घे. मी दर गणपतीत खाते. काय झालं मला? दोन पोरं हायत."

मेडिकलमधून मीच आणल्या. दोन दिवसांत सहा. खरं सांगते, मला विनिताची काळजी नव्हती. मला सासूचं तोंड ऐकायचं नव्हतं. आणि ही बाजूला बसली असती तर पंचवीस माणसांचं रांधणं माझ्या एकटीच्या गळ्यात आलं असतं.

ओवसा झाला. सासूने सुनेची दृष्ट काढली.

सोमवारी मॅडमनी विचारलं, "मी दिल्यात त्यापेक्षा वेगळी गोळी नाही ना घेतली?" विनिताने तोंड उघडलं. टेबलाखाली मी तिच्या हाताला चिमटा काढला आणि म्हणाले, "नाय मॅडम."

गर्भ आत ठेवला. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. काही नाही.

घरी विनिताने विचारलं, "ताई, त्या गोळीनं तर नाय ना?"

"गोळीनं काय होतंय! खुळी हायस."

त्यानंतर ती जेवेना. एकच म्हणायची, "अस्तर झालं तरी माझ्यात ठरलं नाय. माझ्यातच खोट." मी समोर बसून भात कालवायची आणि ताट तिच्यापुढे सरकवायची. गोळीचं मात्र मॅडमना कळवलं नाही.

पुढच्या भेटीला सगळे गेलो, सासूही. मॅडम म्हणाल्या, "दिव्यांनी जाडी आली, तरी रुजलं नाही. उरलेला एकच गर्भ आहे. तो पुन्हा हिच्याच पोटात ठेवून घालवायचा का, याचा विचार करा."

कल्पेश म्हणाला, "लायटीचं नाटक बंद करा." विनिताने मान हलवली. बंद करा.

तेव्हा मी बोलले. ठिपके, सहा गोळ्या, चिमटा, सगळं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या गोळीने अस्तराला वाटतं, वेळ पुढे गेली. गर्भ आत गेला तोवर त्याची वेळ टळलेली असू शकते. त्यानेच गेलं असं मी छातीठोक सांगणार नाही. नाही असंही सांगणार नाही. पण दोष हिच्यातच आहे, असं आता म्हणता येणार नाही. पुन्हा करता येईल."

सासू उठून उभी राहिली. मला वाटलं, नातवंडासाठी रडेल.

"म्हंजी गौरीला इटाळात ओवाळाया लावलंस?" ती माझ्यावर ओरडली. "गौरीला?"

एक जीव गेला होता आणि बाईला सुपाची पडली होती! पण मी तिला काय तोंडाने बोलणार? शनिवारी मलाही सुपाचीच पडली होती.

जिन्यात मी विनिताचा हात धरायला गेले. तिने सोडवून घेतला.

"बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पर त्या दिवशी मी सांगत होते, ताई. मी तोंड उघडलं होतं."

पुढच्या महिन्यात दिवे पुन्हा सुरू झाले. मी सवयीने पाटी भामाकडे देऊन निघाले. दवाखान्याच्या दारात विनिता थांबली. "तुमी बाजारात जा. आत मी एकटी जाईन."

मी गेले नाही. पायरीवर बसले, वीस मिनिटं. आत पट्टा पेटला असेल, शेगडीसारखा. आत तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. ती बाहेर आली, मला बघितलं आणि रिक्षात एकटीच बसली.