छायाचित्रात नाहीत

आमच्या शाळेचा वार्षिकांक गेली अकरा वर्षं मी काढतो. नाटकही मीच बसवतो, भूगोलही मीच शिकवतो आणि उत्तरेकडच्या शेतांवरून पोरांना आणणारी बसही मीच चालवतो. मिनेसोटात एवढ्या वरती, एवढ्याशा गावात, एकच काम करणारा माणूस लोकांना आजारी वाटतो.

१९८७ सालच्या अंकात नोंदवण्यासारखं जे घडलं ते असं. फुटबॉलचा संघ आठ सामने हरला. नववा बर्फामुळे झालाच नाही, आणि तोच आमचा सर्वांत चांगला सामना मानला जातो. नोव्हेंबरात बॉयलर बंद पडला आणि दोन दिवस मुलांनी हातमोजे घालून बीजगणित केलं. बास्केटबॉलचा संघ मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना जिंकत सुटला. आणि फेब्रुवारीत नाटक झालं.

नाटकाच्या पानावर दर वर्षी सगळ्या मंडळींचा फोटो असतो. खाली डावीकडून उजवीकडे नावं, आणि शेवटी 'छायाचित्रात नाहीत' अशी एक ओळ. त्या दिवशी जे गैरहजर, त्यांची नावं तिथे जातात. रोंडा स्कोग्लंड दोन वर्षं त्या ओळीत होती, आणि तिसऱ्या वर्षी फोटोत असून नसल्यासारखी. गैरहजर ती एक दिवसही नव्हती. ती आमची स्टेज मॅनेजर होती.

पहिल्या वर्षी फोटो निघाला तेव्हा ती नाटकातल्या पाद्र्याची हरवलेली मिशी शोधत होती. दुसऱ्या वर्षी ती शिडीवर होती, बाकीच्यांचे चेहरे नीट उजळावेत म्हणून दिवा वळवत. फोटोच्या वरच्या कडेला तिचे दोन बूट आले. बुटांखाली काही मी नाव छापलं नाही. तिसऱ्या वर्षी मी तिला मुद्दाम अगदी मधोमध उभं केलं. फोटो दोन पानांवर पसरून छापला, आणि मधला भाग बांधणीने गिळला. डाव्या पानावर तेवढा एक कान उरला.

तो अंक घेऊन तिची आई शाळेत आली.

"मिस्टर नायगार्ड, आमची रोंडा शाळेत येते ना?" तिने विचारलं. "नाही, रोज तुमच्याच बसमध्ये चढते, म्हणून म्हटलं तुम्हाला माहीत असेल."

मी बांधणीबद्दल, शिवणीबद्दल बरंच काही बोललो. बोलताना मला माझीच लाज वाटत होती.

सप्टेंबरात रोंडा स्वतः आली. हे तिचं शेवटचं वर्ष होतं.

"या वर्षी फोटोत मी हवीय," ती म्हणाली. "चेहऱ्यासकट."

"चेहऱ्यासकट," मी कबूल केलं.

रोंडाचा कारभार कडक होता. आमच्याकडे पडदा उघडायच्या आधी स्टेज मॅनेजरने "पाच मिनिटं" म्हटलं की सगळ्या नटांनी "थँक यू, पाच" म्हणायचं असतं. त्यात आभार वगैरे काही नसतात. ऐकलं, कळलं, एवढंच. रोंडाने ही सवय पोरांच्या इतकी हाडीमाशी खिळवली होती की, दुपारी जेवताना ती "मीठ संपलंय" म्हणाली तरी सगळं टेबल "थँक यू, मीठ संपलंय" म्हणायचं. दुसरा नियम असा, की स्टेज मॅनेजरने प्रेक्षकांना कधी दिसायचं नाही. तो ती स्वतः पाळायची. काळा सदरा, काळी पँट, आणि विंगेची रेघ चार वर्षांत एकदाही ओलांडलेली नव्हती.

फोटो रविवारी, दुपारच्या शेवटच्या प्रयोगानंतर काढायचं ठरलं. पानं सोमवारी छापखान्याला जायची होती. पण शनिवारी बास्केटबॉलचा जिल्ह्याचा सामना आला, आणि आमचे मुख्याध्यापक हॉल्वर्सन शाळेचा कॅमेरा तिकडे घेऊन गेले. रविवारी तो परत आला तेव्हा फ्लॅशने मान टाकली होती आणि रिळात एकच फोटो उरला होता. रविवारी दुकानं बंद.

"एक पुरतो की, वॉल्टर," हॉल्वर्सन म्हणाले. "मंडळी एकदाच उभी राहणार ना?"

नाटक खुनाचं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दिवे जातात, किंकाळी ऐकू येते, दिवे येतात, आणि कर्नल मेलेला असतो. कर्नल झाला होता वेड लुंडीन. त्याची आई शाळेच्या कार्यकारी मंडळावर आहे, हे त्याच्या चालण्यातही दिसायचं.

बाहेर सकाळपासून वादळ घोंघावत होतं. ठरल्या वाक्याला रोंडाने दिवे घालवले. किंकाळी झाली. वेड धाडकन पडला. रोंडाने बटण वर केलं, आणि काहीच झालं नाही. सबंध गावाची वीज गेली होती, आणि आमच्या सभागृहाला खिडकी नाही.

प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला. दोनएक मिनिटं त्यांनी तो अंधार मन लावून पाहिला. माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "गेल्या वर्षीपेक्षा बरंय."

मग अंधारातून मेलेल्या कर्नलचा आवाज आला, "रोंडा?"

आणि रोंडा रेघ ओलांडून बाहेर आली.

एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तिची वही. पुढे काय करायचं ते वहीत शोधत असावी, कारण टॉर्च तिने पानावर धरला होता. त्या पांढऱ्या पानाचा उजेड उलटून तिच्या तोंडावर पडला होता. हनुवटी, नाकावरचे ठिपके, कानामागची पेन्सिल, सगळं दिसत होतं. चार वर्षं ओळखत होतो तिला, पण तिच्याकडे एवढं नीट मी कधी पाहिलंच नव्हतं.

"गावातली वीज गेलीय," ती म्हणाली. "जागचं कोणी हलायचं नाही. पाच मिनिटं."

"थँक यू, पाच," चौदा नट अंधारातून म्हणाले. प्रेक्षकांतूनही काही आयाबाप म्हणाले. घरी त्यांनाही वळण लागलं असावं.

माझ्याकडे एकच फोटो होता, आणि तो सगळ्या मंडळींसाठी राखलेला होता. मी सावकाश ठरवणारा माणूस आहे. लग्नाचं ठरवायला मला सहा वर्षं लागली. पण त्या वेळी मी कॅमेरा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवला, श्वास धरला आणि बटण दाबलं.

तिसरा अंक सहा टॉर्च आणि एका कंदिलावर पार पडला. खुनी सापडला. तेवढ्यात शेरीफ दारात येऊन ओरडला की रस्ते बंद होतायत, आत्ताच्या आत्ता घरी जा. रंग न पुसता, मिशांसकट, सगळे गाड्यांकडे धावले.

रोंडा टोप्या गोळा करत थांबली होती.

"मिस्टर नायगार्ड, फोटो?"

"रीळ संपलं," मी म्हणालो.

बाकीचं मला सांगवेना. टॉर्चच्या उजेडात काढलेला फोटो, कदाचित रिळावर काहीच उमटलं नसेल. तीन वर्षं फसवल्यावर चौथ्यांदा कोणत्या तोंडाने शब्द द्यायचा?

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कानामागची पेन्सिल काढून वहीतल्या एका ओळीवर काट मारली.

"थँक यू, रीळ संपलं," ती म्हणाली आणि टोप्या घेऊन आत गेली.

सोमवारी सकाळपर्यंत वीज आली होती. शाळेच्या डार्करूममध्ये मी फोटो धुतला. कागद काळा झाला, आणखी काळा झाला, आणि मग मधोमध रोंडाचा चेहरा वर आला. चेहऱ्यासकट सगळी रोंडा. खाली अंधारात वेडचा एक बूट.

हॉल्वर्सननी पान हातात घेतलं.

"वॉल्टर, वेड कुठाय?"

"बूट आहे."

"त्याची आई मंडळावर आहे."

"आहे."

"पान काळं आहे."

"दिवे गेले होते."

"दुसरा फोटो दे."

"एक पुरतो, असं तुम्हीच म्हणालात."

त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि पेन शोधलं. मग त्यांनी सही केली.

अंक मे महिन्यात आले. सगळी पोरं एकमेकांच्या अंकांवर सह्या करत फिरत होती. रोंडा तिच्या कपाटापाशी एकटी उभी होती. तिने नाटकाचं पान उघडलं आणि आधी शिवण तळहाताने दाबून सपाट केली, आत काही गेलंय का ते पाहायला. काही गेलं नव्हतं. मग तिने खालचा मजकूर वाचला. 'छायाचित्रात: रोंडा स्कोग्लंड, स्टेज मॅनेजर.' त्याखाली 'छायाचित्रात नाहीत' आणि पुढे नटांची नावंच नावं. ती तिने पेन्सिलीच्या टोकाने एकेक करून मोजली, प्रयोगाआधी टोप्या मोजायची तशी.

मोजून झाल्यावर तिने मान वर केली. मी पाण्याच्या नळापाशी उगाच उभा होतो. तिचे डोळे भरले होते, आणि माझेही.

"थँक यू, चौदा," ती म्हणाली.