पाकोळ्या गेलेली कमान

आमच्या पश्चिम कॅन्ससमध्ये नजर अडेल असं फारसं काही नाही. गव्हाची शेतं, गावागावातली धान्याची उंच कोठारं आणि वर आभाळ. म्हणूनच स्टकी भावंडांच्या कुरणातली खडूच्या दगडाची कमान बघायला लोक हमरस्ता सोडून धुळीतून इतक्या आत यायचे. माझं कुरण त्यांच्या कुरणाला लागूनच, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

ओडेल स्टकी रोज दुपारी त्या कमानीच्या सावलीत खुर्ची टाकून बसे. इथं एकेकाळी समुद्र होता, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताना त्याचा चेहरा असा फुले, की जणू त्यानंच तो आटवला. लग्न त्यानंही केलं नाही आणि त्याच्या थोरल्या बहिणीनंही. घर आणि गुरं व्हर्ना बघायची.

त्या वसंतात पाकोळ्यांनी कमानीला घरटी केली नाहीत.

"थंडी लांबलीय," ओडेल म्हणाला.

"आपल्या गोठ्याला तर रांगेनं लटकल्यात," व्हर्ना म्हणाली.

"तुझा स्वयंपाक आवडला असेल. कुणाला तरी आवडायलाच हवा."

व्हर्ना हसली नाही. गुरंही आता त्या सावलीत बसत नव्हती, भर उन्हात तारेच्या कुंपणाला चिकटून उभी राहत. एकदा वारा पडलेला असताना व्हर्ना कमानीखाली गेली आणि वरून बारीक आवाज आला. टिक. थोड्या वेळानं परत टिक. तिच्या बाहीवर पांढरी भुकटी पडली होती.

तिनं कुरणाच्या फाटकाला साखळी लावली. ओडेलनं ती काढली. तिनं परत लावली.

"हेज गावाहून चर्चची म्हातारी मंडळी येणार आहेत उद्या," तो म्हणाला. "त्यांना काय सांगू? बहिणीला आवाज ऐकू येतात म्हणून?"

"सांग."

"अगं, आजोबांच्या आधीपासून उभी आहे ती."

"आजोबाही उभेच होते, ओडेल. पडेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी बस आली तेव्हा व्हर्ना आधीच कमानीखाली जाऊन बसली होती, त्याच्याच खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून. वरून भुकटी गळत होती आणि तिचे केस पिठात बुडवल्यासारखे दिसत होते.

"ऊठ," ओडेल दुरूनच म्हणाला.

"का? भीती कसली? तू यांना आणणारच आहेस की इथं."

ओडेल तिला उठवायला आत गेला. तिचा दंड धरला आणि तसाच थांबला, मान किंचित वर करून. त्यालाही ऐकू आलं असावं. तिला जवळजवळ ओढतच तो बाहेर आला. बसवाल्याला म्हणाला, "माफ करा, आजपासून बंद." त्याच संध्याकाळी त्यानं फाटकाला कुलूप घातलं आणि धोक्याची पाटी लावली.

कमान मात्र पडली नाही. आख्खा उन्हाळा गेला. वादळं आली, गारपीट झाली, ती तशीच. दुकानात लोक ओडेलला विचारायचे, "काय, आज व्हर्नाशी काय बोलली कमान?" तो मान खाली घालून सामान उचलायचा. घरी तो बहिणीशी फारसं बोलेनासा झाला.

सप्टेंबरात एका दुपारी गवताचं पातंही हलत नव्हतं. मी कुंपणाची तार ओढत होतो. पायाखालची जमीन हलली, मग आवाज आला आणि कुरणातून पांढरा लोट वर चढला. मी धावलो. ओडेल आणि व्हर्ना ट्रकमधून आले. कुलूप जागच्या जागी होतं, पण फाटकाबाहेर एक अनोळखी गाडी उभी होती. रिकामी.

ओडेल त्या धुळीत शिरला. हाका मारत, खोकत, हातांनी दगड उपसत. त्याची नखं रक्ताळली. मी त्याला धरायला गेलो, त्यानं मला ढकललं.

धूळ बसायला लागली तेव्हा पलीकडच्या उतारावर दोन माणसं दिसली, वयस्कर नवराबायको. फाटकावरून चढून आले होते. कमानीखाली बसून जेवले होते आणि नुकतेच फोटो काढायला लांब गेले होते. बाई खाली आली. दगडांकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाली, "आमची टोपली आहे तिथं. तेवढी काढून द्याल का?" तिनं हे पुन्हा पुन्हा विचारलं.

ओडेल खाली बसला. व्हर्ना त्याच्याशेजारी बसली आणि तिनं त्याचे हात आपल्या झग्यात घेतले. मग तो म्हणाला, "तू बसली होतीस तिथं."

"हो."

"मी बसवलं असतं त्या सगळ्यांना."



आता लोक तो ढिगारा बघायला येतात. ओडेलनं भोवती तारा ओढल्यात, तरी कुणी ना कुणी वर चढतंच, फोटो काढतं. उतरल्यावर काहीजण सांगतात, की वर पाय टाकला की खालून पोकळ आवाज येतो.