मीटरचे दिवे

महिनाभरात तिसऱ्यांदा दादाची गाडी माझ्या गॅरेजच्या दारात उभी राहिली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वायरिंगवाला. पस्तीस वर्षं गाड्यांच्या वायरी आणि मीटर एवढंच करतो, आणि केलेलं काम परत आलेलं मला खपत नाही. त्यात हा सख्खा मोठा भाऊ. दुसरं कुणी असतं तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

"अजून मंदच आहेत," दादा खाली उतरत म्हणाला. "काटे दिसत नाहीत."

"दादा, विमानातसुद्धा एवढा उजेड नसतो."

"मग पुढच्या वेळी विमान आणतो. आत्ता गाडीचं बघ."

गाडी आमच्या वडिलांची. दुधी रंगाची, बावन्न वर्षांची. डॅशबोर्डवर तीन गोल मीटर: मधला मोठा वेगाचा, डावीकडचा पेट्रोलचा, उजवीकडचा इंजिनच्या तापमानाचा. प्रत्येकाच्या मागे वाटाण्याएवढा बल्ब आणि त्यावर हिरवं टोपण. त्या काळच्या गाड्यांचे मीटर असेच असायचे, अंधुक हिरवे, काटा जेमतेम कळण्यापुरते.

पहिल्या वेळी मी जुने बल्ब काढून पांढरे एलईडी घातले. ते उलटे बसले तर पेटत नाहीत, म्हणून एकेक तपासून घातला. आठवड्यात दादा परत. दुसऱ्या वेळी मीटर उघडले, हिरवी टोपणं काढून फेकली, डब्या आतून पांढऱ्या रंगवल्या, काचा पॉलिश केल्या. संध्याकाळी दिवे लावले तर डॅशबोर्ड दागिन्यांच्या दुकानासारखा चमकत होता. तरी स्वारी पुन्हा हजर.

माझी एक रीत आहे. उजेडाच्या बाबतीत गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. कुणाला भगभगीत हवा असतो, कुणाला मिणमिणता. मंद म्हणाले की मंद. मग दोष दिव्यात, होल्डरमध्ये नाहीतर वायरीत शोधायचा. इतकी वर्षं ही रीत मला कधी नडली नव्हती.

"तो डिमरच काढून टाक," दादा म्हणाला. मीटरचा उजेड कमीजास्त करायचं बटण असतं, ते. "कायम पूर्ण उजेड राहू दे. आणि वर दिव्यांची एक पट्टीही लाव."

हे ऐकून माझे हात थांबायला हवे होते. दादाने तीस वर्षं बस चालवली. लांब पल्ल्याची, रात्रीची. एक अपघात नाही, एक ओरखडा नाही. त्याचं प्रमाणपत्र त्याच्या हॉलमध्ये टांगलेलं आहे. लहानपणी सुट्टीत मी त्याच्या मागच्या सीटवर बसून जायचो. शहर संपलं की तो बसमधले सगळे दिवे बंद करायचा. लोक कुरकुरायचे. तो म्हणायचा, "आत उजेड ठेवला की पुढच्या काचेचा आरसा होतो. मला रस्ता बघायचाय, तुमची तोंडं नाही." समोरच्या मीटरवरही तो रुमाल टाकायचा. असा माणूस आता म्हणत होता, डिमर काढ. आणि मी मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला. माझं सगळं लक्ष माझ्या दिव्यांच्या अब्रूकडे होतं.

काम करता करता गप्पा चालल्या होत्या. वहिनीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. दुपारी दीडला दादा तिला घेऊन सेंटरला निघतो, तिथेच बाकड्यावर बसून राहतो आणि सहाच्या सुमारास घेऊन येतो. थंडीचे दिवस, सहाला अंधारून येतं.

"तुझी वहिनी आजकाल गाडीत फार बोलते," तो म्हणाला. "डावीकडे सायकल, पुढे खड्डा, सिग्नल लाल झाला. क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकतोय असं वाटतं."

मी हसलो. चाळीस वर्षांच्या संसारात वहिनी गाडीत कधी तोंड उघडत नसे. आजारपणाने माणूस बोलका होतो, एवढंच मनात आलं.

गॅरेजमध्ये भर दुपारी मीटरचे दिवे तपासायचे तर अंधार लागतो. त्यासाठी माझ्याकडे एक जुनं जाड काळं ब्लँकेट आहे. दिवसा काम संपलं की गिऱ्हाइकाला पुढच्या सीटवर बसवतो, शेजारी मी बसतो, आणि दोघांच्या डोक्यावरून डॅशबोर्डपर्यंत ब्लँकेट ओढून घेतो. बाहेरून बघणाऱ्याला वेड्यांचा बाजार वाटतो, पण आत खरा उजेड कळतो.

आम्ही दोघं ब्लँकेटखाली बसलो. मी किल्ली फिरवली, दिव्यांचं बटण ओढलं. तिन्ही मीटर पांढरेफटक पेटले, वरच्या पट्टीने अगदी डोळे दिपले. दादाच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट मला मोजता आले असते.

"आता?" मी विचारलं.

"हां," दादा म्हणाला. "आता झकास."

"पेट्रोल किती दाखवतंय?"

"अर्ध्याच्या वर."

मी मीटरकडे पाहिलं. काटा तळाला पडला होता. काम करताना टाकीची वायर मी सोडवून ठेवली होती, ती जोडायची राहिली होती. दादाने सकाळी पेट्रोल भरलं होतं, आणि तो सकाळची आठवण मला वाचून दाखवत होता.

"आणि वेग?" मी पुढे विचारलं.

"उभ्या गाडीला कसला वेग? डोकं फिरलंय का तुझं?" तो हसला. तो माझ्याकडे बघून हसत होता, पण नजर माझ्या कानाजवळ कुठेतरी होती.

ब्लँकेटखाली गुदमरायला लागलं, तरी मी ते पटकन काढलं नाही. काढलं असतं तर त्याला माझा चेहरा... पण त्याला तो तसाही दिसला नसता.

तिथेच बोलायला हवं होतं. दादा, तुला दिसत नाही. चार शब्द. ह्या माणसाने मला धंद्याला लावलं, वायरी तपासायचा पहिला मल्टीमीटर त्याने आणून दिला. त्याच्याकडे अभिमान म्हणून होता तो एवढाच, गाडी चालवण्याचा. मी वायर जोडली, काटा अर्ध्याच्या वर गेला, आणि मी म्हणालो, "झालं. उद्या सकाळी घरी येऊन एकदा बघून जातो." त्याची गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. वळताना त्याने कठड्याला घासता घासता वाचवली. एरवी मी म्हटलं असतं, काय सफाई आहे.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार होता. सकाळी दहाला मी त्याच्या घरी गेलो. दादा आंघोळीला गेला होता. वहिनीने चहा पुढे ठेवला. तिचे हात सुजले होते.

"वहिनी, दादाचे डोळे..." मी सुरुवात केली.

तिने आधी आतल्या दाराकडे पाहिलं. "मला माहीत आहे, भाऊजी. वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणाले, मधली नजर जाते, ती परत येत नाही. हे म्हणतात, मीटर दिसले की समजायचं नजर ठीक आहे. म्हणून तुमच्याकडे सारखे दिवे वाढवायला येतात."

म्हणजे मी दिवे वाढवत नव्हतो. मी त्याला दर वेळी खोटा दाखला लिहून देत होतो.

"आणि तुम्ही बसता शेजारी?"

"जाताना मी सांगते सगळं. डावीकडे, उजवीकडे. त्यांचे हात अजून पक्के आहेत." तिने सुजलेली बोटं चोळली. "येताना मात्र माझ्यात काही उरत नाही. कितीही ठरवलं तरी डोळा लागतो."

"टॅक्सीने का जात नाही?"

"एकदा बोलवली होती. हे दोन दिवस जेवले नाहीत."

मला तिचा राग आला, दादाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. पण राग येऊनही मी बोललो नाहीच. मी माझ्या धंद्यातली पळवाट काढली. अंगणात जाऊन बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आतला रोटर उचलून खिशात टाकला. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्यावाचून जुनी गाडी सुरू होत नाही. ठरवलं, दीड वाजता दादाचा फोन येईल, गाडी बंद पडली म्हणून. मग मी टॅक्सी घेऊन जाईन आणि वाटेत काहीतरी सांगेन. काय, ते ठरवलं नव्हतं.

दीड वाजला. दोन वाजले. फोन आला नाही. मला बरंच वाटलं; म्हणजे त्यांनी आपणच टॅक्सी केली असणार. खिशातल्या रोटरशी चाळा करत मी एका ट्रकचा हॉर्न जोडत बसलो. साडेचारला घरी फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. दादाचा मोबाइल बंद. वहिनीचं डायलिसिस चालू असताना तो बंद ठेवतो.

पाचच्या सुमारास मला तो बिस्किटांचा डबा आठवला, आणि हातातला पाना खाली पडला.

बसवाल्यांची सवय असते, वाटेत अडायला नको म्हणून लागेल ते सगळं जवळ ठेवायचं. दादाच्या सीटखाली तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. त्यात जादा पट्टा, जादा फ्यूज, जादा पॉइंट, आणि जादा रोटर. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला तो डबा मीच भरून दिला होता. रोटर बदलायला त्याला डोळे लागणारच नव्हते. त्याच्या बोटांना सगळं पाठ होतं.

मी स्कूटर काढली. सेंटरवर पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. नर्स खुर्च्या आवरत होती. "काका-काकू? निघाले की दहा मिनिटांपूर्वी," ती म्हणाली. "काकूंना आज चालवत नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या मान टाकली त्यांनी. काका गेले हळूहळू."

घराकडचा रस्ता कालव्याच्या कडेने जातो. एका बाजूला पाणी, मधे गुडघ्याएवढा कठडा. मी स्कूटर पिळत होतो आणि दर वळणावर कठड्याकडे बघत होतो, कुठे तुटलेला दिसतो का म्हणून.

गाडी मला लांबूनच दिसली. कुणालाही दिसली असती. रस्त्यावर सगळ्या गाड्या आतून काळ्या असतात. ही एकटी आतून पांढरीशुभ्र पेटली होती. पुढच्या काचेवर तिन्ही मीटर उलटे उमटले होते आणि त्यांच्यामागे रस्ता असा उरलाच नव्हता. माझं काम. एकेक एलईडी तपासून घातलेला. वहिनीची मान खिडकीला टेकलेली. गाडी सायकलीच्या वेगाने, चाकं कठड्यापासून वीतभर अंतरावर.

मी शेजारून गेलो, हॉर्न दिला, ओरडलो, "दादा!" त्याने मान वळवली. माझ्या तोंडावर त्याच्याच डॅशबोर्डचा उजेड पडला होता. त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसा हसला आणि हाताने खूण केली: जा बाबा, तू पुढे जा.

मी पुढे गेलो. स्कूटर आडवी घालून त्याला थांबवायची हिंमत झाली नाही, तो थांबला नसता तर? मग आठवलं, धुक्यात तो पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून बस न्यायचा. मी ब्रेक किंचित दाबून धरला, म्हणजे माझा मागचा दिवा पेटता राहील, आणि सायकलीच्या वेगाने त्याच्यापुढे चालू लागलो. आरशात पाहिलं. पांढरी पेटलेली काच थोडी डावीकडे होती. हळूहळू ती माझ्यामागे आली, आणि मागेच राहिली. घर येईपर्यंत मी एकदाही ब्रेक सोडला नाही.

अंगणात गाडी थांबली. दादा उतरला, बॉनेटवरून हात फिरवत पुढे आला.

"कोण भले गृहस्थ तुम्ही?" तो म्हणाला. "फार उपकार झाले."

"मी आहे, दादा."

तो म्हणाला, "रोटर तूच काढलास ना?"

"हो."

"तोंडाने बोलायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं." त्याने बॉनेटवर तळहात टेकला. "तरी तू बोलायला हवं होतंस."

"तुला दिसत नाही, दादा," मी म्हणालो. "आता बोलतोय. किल्ली दे."

गाडीत वहिनी जागी झाली होती. ती काचेतून आमच्याकडे बघत होती आणि ह्या वेळी काहीच सांगत नव्हती. दादाने खिशातून किल्ली काढली, हात पुढे केला आणि माझ्या हातात ठेवतोय असं समजून सोडली.

माझा हात तिथे नव्हता. किल्ली फरशीवर पडली. ती उचलायला मी खाली वाकलो, आणि आत डॅशबोर्ड तसाच पेटलेला होता.