नखाशी थांबलेली गाडी

“काढ की गं काहीतरी! आंबा काढ, घर काढ. नुसती टिकली काढ, माझे आई!”

हर्षदाचा आवाज शेवटी चिरकला. तिची चार वर्षांची रेणू टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे टक लावून पाहत होती. हात मात्र तिने पाठीमागे घट्ट बांधले होते. मुख्याध्यापिकेने घड्याळाकडे पाहिले. तारनाक्याच्या त्या नव्या इंग्रजी शाळेच्या व्हरांड्यात प्रवेशासाठी आलेल्या आईबापांची रांग फाटकापर्यंत पोचली होती.

“पेन्सिल पकडना तो आता ना इसको?”

“मॅडम, घर में एक दीवार नहीं छोडी इसने! फ्रिज, कपाट, उशीचे अभ्रे... वो, तकिये के गिलाफ तक!”

“सब मदर्स ऐसाइच बोलते, अम्मा.”

हर्षदा स्वतः मराठी शाळेत शिकलेली. आबिड्समध्ये संगणकाची नवी कंपनी निघाली तेव्हा लेखी परीक्षेत ती पहिली आली आणि इंग्रजी मुलाखतीत, तोंड उघडण्यापूर्वीच, बाद झाली. मुलीवर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवले होते.

“मामंजी, आता तुमीच सांगा. तुमचं ऐकते ही.”

बाजूच्या खुर्चीवरून विठ्ठलराव उठले. कोर्टाच्या निकालांच्या प्रती हाताने उतरवून देणारे नक्कलनवीस म्हणून त्यांची हयात गेली होती. एक अक्षर खोडले की पान रद्द, या नियमाखाली वाढलेला माणूस कागदाला वस्तू मानत नाही. चुकून पाय लागला तर ते कागद कपाळाला लावत. आणि रेणूने गेल्या वर्षी त्यांच्या बाँड पेपरवर पहिली वेलांटी ओढली, तेव्हा तिलाही त्यांनी तो कपाळाला लावायला शिकवले होते. मारले नाही, ओरडलेही नाहीत. त्यानंतर घरातला एकही कागद खराब झाला नाही. भिंती तेवढ्या रंगल्या. भिंतींना घरच्यांनी हट्ट म्हटले आणि कागदांना संस्कार. दोन्हींचे मूळ एकच असेल, अशी शंका कोणाला आली नाही.

“काढ बाळा,” विठ्ठलराव म्हणाले.

“नक्को. रेघोट्या ओढल्या की विद्या रुसते. तुमीच बोल्ले ना, आजोबा?”

“क्या बोल रही बच्ची?” मुख्याध्यापिकेने विचारले.

हर्षदाने अर्थ सांगितला नाही. ती फक्त सासऱ्यांकडे पाहत राहिली. मुलगी लाजते, एवढे म्हणून विठ्ठलरावांना सुटता आले असते.

“मेरा सिखाया हुआ है, मॅडम,” ते म्हणाले. “बच्ची का कसूर नहीं.”

त्यांनी टेबलावरचा तेलखडू उचलला. डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि त्यावर एक रेघ ओढली. जिला अर्थ नाही आणि जिच्याखाली कोणाची सही व्हायची नाही, अशी त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच रेघ. ती वाकडी आली.

“बघ. काही होत नाही.”

रेणूचे डोळे विस्फारले. “आधी पाया पडा त्याच्या!”

परक्या बाईसमोर विठ्ठलरावांनी वाकून कपाळ कागदाला टेकवले. हर्षदाने मान फिरवली.

मग रेणूने त्यांच्या हातातला खडू घेतला.

ती वाकली. खडू टेकला तो मात्र कागद दाबून धरलेल्या आजोबांच्या पालथ्या डाव्या हातावर. हिरव्या शिरांचे तिने रूळ केले, बोटांच्या पेरांवर मालगाडीचे डबे जोडत नेले. घराच्या खिडकीबाहेरून रोज जाणारी गाडी, मागच्या गार्डासकट. मुख्याध्यापिका पुढे झुकल्या होत्या. विठ्ठलरावांनी श्वास रोखला. हात जराही हलू दिला नाही. मधल्या बोटाच्या नखावर इंजिन उभे राहिले. नखाच्या पुढे कागद होता.

खडू थांबला.

“जाऊ दे ना गाडी पुढं,” ते कुजबुजले.

“पुढं रूळ नाहीत, आजोबा.”

“नेक्स्ट इयर लाइए अम्मा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. आवाज मऊ होता. पण बोलता बोलताच त्यांनी विठ्ठलरावांच्या हाताखालून कागद ओढून घेतला, रेघ खाली जाईल असा उलटा केला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

ऑटोत रेणू आजोबांचा हात मांडीवर घेऊन गाडीचे डबे पुनःपुन्हा मोजत होती आणि दरवेळी चुकत होती.

घरी हर्षदाने जेवणाची पाने मांडली. “हात धुऊन घ्या, मामंजी,” ती भिंतीकडे पाहत म्हणाली.

विठ्ठलरावांनी नळ सोडला आणि पाण्याखाली फक्त उजवा हात धरला. डावा त्यांनी पाठीमागे, कोरडा, सांभाळून ठेवला होता.