ठरलेलं उत्तर

माझी नात परदेशात वाढली, तिला इंग्रजीच येतं. मी शिंपीण, मला कात्री येते. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघींच्या मध्ये माझी लेक बसायची. नात हातवारे करत भडाभडा बोलायची आणि लेक मला सांगायची, "काही नाही गं, शाळेचं सांगतेय." एवढ्या मोठ्या ताग्यातून हातरुमालाएवढं कापड माझ्या पदरात! माझं डोकंच फिरलं.

वरच्या मजल्यावरच्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई माझ्याकडेच ब्लाउज शिवून घ्यायच्या. त्यांना म्हटलं, शिलाई नका देऊ, इंग्रजी शब्द द्या. बाईंनी मनावर घेतलं. मी काजं करायची, त्या समोर बसून शिकवायच्या. प्लीज कुठे लावायचं, सॉरी कधी म्हणायचं. 'कम' म्हणजे ये. तो शब्द मी लगेच पाठ केला, कधीतरी नातीला म्हणायला.

"आणि 'हाउ आर यू' विचारलं की 'फाइन' म्हणायचं," बाई म्हणाल्या.

"ताप असला तरी?"

"असला तरी. उत्तर ठरलेलंच असतं."

"मग विचारतात कशाला?" मी म्हटलं. बाईंनी चष्मा पुसायला घेतला.

रविवारी फोन लागल्यावर लेकीला सांगितलं, "तू जा आत, चहा ठेव. आज आम्ही दोघी बोलणार." ती हसत गेली.

"हाउ आर यू?" मी विचारलं.

"फाइन," नात म्हणाली.

झालं. पुढे काय? सगळे शब्द ऐन वेळी पळाले. नात वाट बघत होती. शेवटी तोंडातून दुकानातलंच इंग्रजी बाहेर पडलं. "फ्रॉक. ट्रायल!"

पोरगी पळाली आणि मी पाठवलेला फ्रॉक घालून आली. "टर्न," मी म्हटलं. ती वळली. पाठीची चेन अर्ध्यावर अडकली होती. बाह्या काखेत रुतल्या होत्या, घेर गुडघ्याच्या कितीतरी वर होता.

उभ्या जन्मात मी कुणाचं कापड माप घेतल्याशिवाय बेतलं नाही. नव्या नवरीलाही परत बोलावते, टेप लावते. हा एकच फ्रॉक आठवणीने बेतला होता. आठवणीतली नात मांडीवर मावायची.

"टाइट," ती हळूच म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून पोट आत ओढून उभी होती.

"सॉरी," मी म्हटलं. शब्द बरोबर जागी लागला.

"नो सॉरी." ती विचार करत थांबली. मग माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आजी, यू कम. मेझर."

माझा जपून ठेवलेला शब्द तिनेच आधी वापरला. गळ्यातली टेप मी हातात घेतली आणि नुसतीच धरून बसले. डोळे भरून आले. तिला ते दिसलं असावं.

"आजी, हाउ आर यू?"

उत्तर मला पाठ होतं. बाईंनी घोटून घेतलं होतं.

"नो," मी म्हटलं. "नो फाइन."

नात फोनच्या इतकी जवळ आली की मला नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"मी टू," ती म्हणाली.

हे बाईंनी शिकवलं नव्हतं, तरी मला कळलं.