माळ्यावरचा स्विच

"बाबांनी स्विच बसवलाय की घारीनं घरटं बांधलंय?" माळ्यावर पालथी पडलेली माझी लेक पुटपुटली. मी शिडीच्या वरच्या पायरीवर होते, म्हणून ऐकू आलं.

खाली लॉन्ड्रीचं काम चालू होतं. धुतलेल्या चादरी छताखालच्या रुळावरून एकामागून एक सरकत होत्या. वाफेत विरघळत, पलीकडे पुन्हा उमटत. तिकडे बघत राहिलं की आपणच तरंगतोय असं वाटतं. एवढी वर्षं इथे घड्या घालतेय, तरी वाटतं.

माळ्यावर तो स्विच. सगळ्या यंत्रांच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती चपटी पेटी, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेली. एखादं यंत्र रुसलं की आमचे हे वर चढून समजूत काढायचे. मागच्या महिन्यात याच शिडीवरून पडले. "वाफेनं पायरी ओली होती, पाय घसरला," असं ते म्हणाले. मग लेक तेच म्हणू लागली, मग मीही. शिडी त्या दिवशी कोरडी ठणठणीत होती, हे मात्र कुणीच म्हणालं नाही.

म्हणून आज ही खटपट. स्विच घरूनच लॅपटॉपवर हाताळता आला, की ह्यांना चढायला नको. हे घरी लॅपटॉपपुढे बसलेले. फोन माझ्या हातात, स्पीकरवर.

लेकीनं वायर जोडून स्विचला त्याचा पत्ता दिला, पासवर्ड दिला. "बाबा, बघा आता."

"नाही लागत." आवाज चांगलाच खुशीत. "मीच येतो."

"थांबा हो, बाबा! इथे माझ्या लॅपटॉपशी छान बोलतोय."

"मग घरकोंबडा आहे तो. येतो मी, ठमे. दोन मिनिटांचं काम."

"तुमची दोन मिनिटं माहितीयेत," मी म्हटलं. "चहा थंड होऊन त्यावर साय धरते."

लेक पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा, गेटवे कुठला टाकू?" मग माझ्याकडे वळून हळूच, "आई, गेटवे म्हणजे बाहेर पडायचं दार. ते सांगितलं नाही, तर हा शेजारपाजाऱ्यांशी बोलेल, पण ह्याचं उत्तर घरापर्यंत पोचणार नाही."

"त्याला गेटवे लागत नाही," फोन म्हणाला.

हे सगळं जाळं ह्यांनी स्वतःच्या हातानं विणलेलं. अशी चूक ते झोपेतसुद्धा करणार नाहीत. आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघत राहिलो. हिरवे दिवे तिच्या चष्म्यात पोहत होते.

फोनमधून चपला सरकवल्याचा आवाज आला.

"या," मी म्हटलं. "शिडी मी धरते. पडलात तर माझ्या अंगावर पडा. लग्नापासून तुमचा भार मीच पेलतेय, आता काय नवीन?"

चपलांचा आवाज थांबला. खाली एक चादर वाफेत शिरली, बराच वेळ दिसेना, मग दुसऱ्या टोकाला शांतपणे बाहेर आली.

"नको धरूस," ते म्हणाले. "अगं, पाय घसरला नव्हता माझा. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. परवा न्हाणीतही आली. मला आता चढवत नाही."